तेविसावा फोटो

एल्डन क्विगच्या गळ्यात कायम दोन कॅमेरे लटकलेले असायचे. त्यातला एक बंद होता. शटर कधीच गेलेलं, दुरुस्तीला टाकायचा कंटाळा. पण दोन कॅमेरे असले की माणूस मोठ्या पेपरातला वाटतो, असं त्याचं पक्कं मत होतं, आणि एकदा एल्डनचं मत झालं की ते ओहायो नदीला पूर आला तरी हलायचं नाही. वय वर्षं एकवीस. अंगात खिशांचं जाकीट, चौदा खिसे. त्यातल्या दोनांत फिल्मचे रोल, एकात सँडविच आणि बाकीच्यांत नुसता रुबाब.

आमच्या बेकर्स लँडिंगच्या कॉलेजात साप्ताहिक निघायचं आणि त्याचे सगळे खेळाचे फोटो हा काढायचा. त्या खेळांना तो ‘सर्कस’ म्हणायचा. अगदीच खोटं नव्हतं ते. बास्केटबॉलच्या मैदानाशेजारी चिकटपट्टीने आखलेला एक चौकोन असे, त्यात फोटोवाल्यांनी मांडी घालून बसायचं. प्रसिद्धी खात्याचा माणूस येऊन कानात सांगून जायचा, आज सात नंबरचे काढा, त्याचे वडील आलेत. आपला संघ हरत असेल तर बाकावरच्या पडलेल्या चेहऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत. वर फुकटचं हॉटडॉग. एल्डन हे सगळं नाक मुरडून ऐकायचा, हॉटडॉग खायचा आणि सात नंबरचे फोटो काढायचा.

“मी इथला नाहीच,” असं तो ज्याला त्याला सांगत सुटायचा. “खरा खेळ बघायचा तर पुलापलीकडे चल.”

पुलापलीकडे म्हणजे ऑर्विल स्टँपरचा मुष्टियुद्धाचा क्लब. ऑर्विल आयुष्यभर नदीतल्या कोळशाच्या बार्ज-बोटींवर राबलेला, आता बंद पडलेल्या एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत दोन पिशव्या टांगून हौशी लोकांना ठोसे शिकवायचा. टायरवाले, ट्रकवाले, एक दंतवैद्याचा कंपाउंडर, असली मंडळी. जानेवारी ते मार्च दर शनिवारी दुपारी लॉजच्या, म्हणजे तिथल्या बंधुमंडळाच्या, सभागृहात लढती व्हायच्या आणि ऑर्विलची बायको नेडीन दाराशी राजम्याचं सूप आणि मक्याचा पाव घेऊन बसायची. एल्डन वर्गातल्या एका गृहपाठासाठी म्हणून तिथे गेला आणि पहिल्याच दिवशी जाहीर करून मोकळा झाला की इथे त्याला ‘माणूस’ सापडला. एकतीस वर्षांच्या क्लेटन स्पर्लॉकला टायरच्या दुकानात गेली बारा वर्षं कुणीच शोधून काढलं नव्हतं, त्यामुळे त्यालाही जरा बरं वाटलं असेल.

क्लेट होता साधा. उंचीला बेताचा, हाताला कायम रबराचा वास. बायकोला, रेनाटाला, त्याने शब्द दिला होता की यंदाचा हंगाम शेवटचा. उन्हाळ्यात त्यांना मूल होणार होतं. आणि आयुष्यात एकदा तरी विभागीय स्पर्धेच्या रिंगणात उतरायचं, एवढीच त्याची हौस. नऊ वर्षांत दरवेळी काही ना काही आडवं आलं होतं. कधी बरगडी, कधी दुकानातली पाळी.

तर हा क्लेट एल्डनला हाताला पट्ट्या बांधताना फोटो काढू द्यायचा, नेडीन त्याला सूप द्यायची, आणि ऑर्विलने त्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगून ठेवली होती.

“हे बघ, निकाल लागला की दोघेही समोरच्याच्या कोपऱ्यात जातात. जिंकलेला असो, हरलेला असो. समोरच्याच्या कोचशी हात मिळवायचा, मगच खाली उतरायचं. आमच्यात असंच असतं. फोटो काढायचा तर तो काढ.”

“त्यात काय आहे, कोच? नुसते हात मिळवतायत. ॲक्शन कुठाय?”

“ॲक्शन,” ऑर्विल बायकोला म्हणाला. “ऐकलंस का? ॲक्शन हवी साहेबांना.”

फेब्रुवारीच्या मधल्या शनिवारी ती मिळाली. क्लेटची लढत होती बोझमन नावाच्या रेल्वे यार्डातल्या गड्याशी. पहिल्याच फेरीत बोझमनचा उजवा हात असा काही बसला की क्लेटचे गुडघे वाकले आणि दातांवरचं रबर अर्धं बाहेर आलं. रेफरी मध्ये पडला, त्याने बोझमनला दूरच्या कोपऱ्यात पाठवलं आणि बोटं वर करून आकडे मोजायला लागला. यात विशेष काही नाही. हौशी लढतीत जोरात बसली की उभ्या माणसालाच रेफरी आठपर्यंत मोजून दम खाऊ देतो, डोळ्यांत बघतो आणि ठीक वाटलं तर खेळ पुढे चालू. एल्डनने दोनदा बटण दाबलं. रोलवरचा एकविसावा आणि बाविसावा फोटो. आणि त्याला तिथल्या तिथे कळून चुकलं की आपण अमर झालो.

घड्याळात साडेतीन वाजत आले होते. चारला पुलाअलीकडे बास्केटबॉल, आणि गॅरेटने, म्हणजे साप्ताहिकाच्या संपादकाने, बजावलं होतं की नाचणाऱ्या पोरींचे फोटो पहिल्या पानावर हवेत. रेफरीचं मोजणं अजून सुरूच होतं, तोवर एल्डन दाराबाहेर. नेडीनने दिलेलं सूप खुर्चीवर तसंच वाफाळत राहिलं. पुलावरून गाडी हाकताना तो त्या फोटोला नाव शोधत होता. बक्षिसांच्या फोटोंना नाव लागतं ना.

इकडे क्लेटने आठ आकड्यांवर मान हलवली, ग्लोव्ह्ज रेफरीच्या सदऱ्याला पुसून घेतले आणि पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या फेरीत त्याने डाव्या हाताने बोझमनचं नाक लाल करून ठेवलं. तिसऱ्या फेरीत दोघंही इतके दमले की ठोसे कमी आणि मिठ्याच जास्त. पाचांतल्या तीन पंचांनी क्लेटला दिलं. नेडीन रडली, सूपवाल्या डावाने टेबल बडवत रडली. क्लेट समोरच्या कोपऱ्यात गेला, बोझमनच्या म्हाताऱ्या कोचशी त्याने हात मिळवला आणि तो म्हातारा त्याच्या कानात काहीतरी बोलून हसला. हे काही कुठल्या कॅमेऱ्यात नाही. त्या वेळी आमचे थोर छायाचित्रकार चौकोनात मांडी घालून हॉटडॉग खात होते.

रविवारी सकाळी डार्करूममध्ये एल्डनने बाविसावा फोटो मोठा केला आणि बघतो तर काय, क्लेट चांगला दोन्ही पायांवर उभा. शेजारी रेफरीची बोटं. हे कसलं आलंय अमरत्व! मग त्याने कंबरेखालचं सगळं कापलं. पाय गेले. बाजूचं कापलं, बोटं गेली. एन्लार्जरखालचा कागद अंगठाभर तिरका सरकवला. झालं, उभा माणूस पडायला लागला. खाली ओळ लिहिली: ‘पहिल्याच फेरीत बोझमनच्या ठोशाने क्लेटन स्पर्लॉक बेशुद्ध.’ डार्करूमच्या दाराशेजारीच भिंतीवर फोन होता. ऑर्विलचा नंबर जाकिटाच्या नवव्या खिशात होता. नाही उचलला फोन.

गॅरेटने एवढं तरी विचारलं, “जिंकलं कोण?”

“फोटो बघ ना. तुला काय वाटतं?”

“मेलाच की रे हा!” गॅरेट खूश होऊन म्हणाला आणि फोटो अर्ध्या पानावर लावला. याला म्हणतात संपादन.

टायरच्या दुकानात ते पान कुणीतरी हवेच्या नळीशेजारी चिकटवलं. आठवडाभर ज्याला त्याला क्लेटला विचारायचं होतं, “काय रे, झोप झाली का?” क्लेट हसून सोडून देई. ऑर्विल मात्र फणफणला. “अरे, आपण जिंकलो! त्याला सांगा कुणीतरी!” पण पेपरात चूक झाली तर कुणाला जाऊन भेटायचं असतं, हे त्या लाँड्रीत कुणाला ठाऊक होतं? रेनाटाने ते पान दुकानातून फाडून आणलं आणि चुलीत घातलं.

एल्डनने तो फोटो विद्यार्थ्यांच्या राज्य स्पर्धेत पाठवला होताच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पहिलं बक्षीस आलं. परीक्षकांनी लिहिलं होतं, ‘वेदनेचं निर्भीड सत्य.’ सत्य! त्या परीक्षकांपैकी एक राजधानीतल्या मोठ्या पेपराचा माणूस होता. त्याने एल्डनला सोमवारी भेटायला बोलावलं; उन्हाळाभर कामाला घेण्याबद्दल बोलू म्हणाला. झालं, एल्डनचे पाय जमिनीवरून सुटले ते सुटलेच. आपल्या फोटोंचं मोठं काळं पाकीट तो गाडीतच घेऊन हिंडायला लागला, न जाणो रस्त्यात कुणी विचारलं तर.

त्याच शनिवारी विभागीय स्पर्धा होती. सकाळी दहाला वजनं, दुपारी लढती. एका शाळेच्या व्यायामशाळेत मोज्यांवर उभ्या असलेल्या माणसांची रांग लागली होती आणि रांगेच्या टोकाला, काट्याशेजारी टेबलावर, डॉक्टर इमोजीन फॉक बसल्या होत्या. बाई साठीच्या, आवाज करवतीसारखा. प्रत्येक लढवय्याची एक वही असते. कधी लढला, जिंकला की हरला, सगळं तिच्यात. जो बेशुद्ध पडला त्याला तीस दिवस रिंगणबंदी, आणि तेही त्याच वहीत. डोक्याला मार बसलेल्या माणसाला पुन्हा मार बसू नये म्हणून केलेला नियम. चांगला नियम आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

क्लेट काट्यावर चढला. वजन बरोबर भरलं. डॉक्टरबाईंनी वही उघडली, वाचली, मग पर्समधून कात्रण काढून वहीवर ठेवलं.

“वही म्हणते, तीन आठवड्यांपूर्वी हा गुणांवर जिंकला. पेपर म्हणतो, बेशुद्ध पडला. एक कुणीतरी खोटं बोलतंय.”

“पेपर!” ऑर्विल ओरडला. “बाई, देवाशप्पथ, पेपर!”

“स्टँपर, दोन वर्षांपूर्वीही तुम्ही देवाचीच शपथ घेतली होतीत. आठवतं?”

ऑर्विलची मान खाली गेली. दोन वर्षांपूर्वी त्याने खरंच एका ट्रकवाल्याचं बेशुद्ध पडणं वहीत लपवलं होतं. त्या ट्रकवाल्याला पुढे महिनाभर डावा डोळा नीट उघडता आला नाही. ऑर्विलवर एक हंगाम बंदी आली होती आणि ती योग्यच होती.

“त्या दिवशीच्या पंचांना विचारा.”

“ते पंच तुमच्याच लॉजचे. तुम्ही सगळे एकमेकांना सांभाळून घेता. बारापर्यंत मला दुसरं काही दाखवा, नाहीतर याचं नाव कापते.” बाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

आणि आमचा नायक? तो तिथेच होता. दोन कॅमेरे, चौदा खिसे. एका कोपऱ्यात उभा राहून कुण्या गावच्या पत्रकाराला बक्षिसाची हकीकत सांगत होता. ऑर्विलने त्याला जाकिटाला धरून ओढत आणलं.

“सांग बाईंना. सांग हा पडला नव्हता म्हणून.”

एल्डनने कात्रणाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. “मी जे पाहिलं त्याचा फोटो काढला,” तो म्हणाला. “फोटोत जे आहे ते आहे.”

“मी पडलो नाही रे,” क्लेट काट्यावरूनच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. “आठ मोजले आणि आपण पुढे खेळलो. जिंकलो. तू होतास ना?”

एल्डन कॅमेऱ्याचा पट्टा चाचपू लागला.

“त्याचं सूप तसंच राहिलं होतं,” नेडीन सावकाश म्हणाली. “थंड झालेलं. मला वाटलं, गेला असेल बाहेर, येईल. मी झाकून ठेवलं त्याच्यासाठी.” मग तिने एल्डनकडे असं बघितलं की त्याला जाकिटात तोंड लपवावंसं वाटलं. “बाळा, तू आम्ही जिंकलो हे बघितलंच नाहीस?”

क्लेटला आता कुठे समजलं. तो काट्यावरून खाली उतरला, भिंतीशी बाकावर जाऊन बसला आणि पायातले मोजे वर ओढत राहिला.

एल्डन गाडीत जाऊन बसला. काळ्या पाकिटात कॉन्टॅक्ट शीट होती. एका कागदावर सबंध रोलचे छोटे छोटे फोटो, ओळीने, खाली नंबर. बाविसाव्यात सगळं होतं. पाय, बोटं, लांब कोपऱ्यातला बोझमन. हे दाखवलं की क्लेट सुटेल. पण त्याला चिकटूनच तेविसावा होता. त्याने गाडीतली कात्री घेतली आणि बाविसाव्यानंतर कागद सरळ कापला. एवढी हुशारी या पोराने अभ्यासात दाखवली असती तर! कापलेला तुकडा मात्र फेकवला नाही त्याला, का ते त्याचं त्यालाच ठाऊक. खिशात घातला.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना त्याने तो कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी भिंग लावलं. बराच वेळ बघत बसल्या.

“उभा आहे,” त्या म्हणाल्या. ऑर्विलने हवेत मूठ मारली. “थांबा. या क्षणी उभा आहे. पुढच्या क्षणी कोसळला नाही कशावरून? असे कितीतरी मी आठव्या आकड्याला कोसळताना पाहिलेत. पुढचा फोटो कुठे आहे?”

“पुढचा... नाही.”

“हा कागद कात्रीने कापलाय. मी शिवणकाम करते, मला कळतं.”

व्यायामशाळेत काट्याचा खडखडाट तेवढा चालू होता. एल्डनने बाकाकडे बघितलं. क्लेट त्याच्याकडे बघतही नव्हता. शेजारी रेनाटा येऊन बसली होती, पोटावर हात ठेवून, आणि ती मात्र एल्डनवर नजर रोखून होती. सोमवार, तो मोठा पेपर, तो परीक्षक, सगळं त्या खिशातल्या बोटभर तुकड्यावर येऊन थांबलं होतं. त्याने खिशात हात घातला. आधी चुकीच्या खिशात घातला, सँडविच निघालं. चौदा खिशांचा हाच ताप.

मग त्याने तुकडा टेबलावर ठेवला.

“हे काय?” बाईंनी भिंग सरकवलं. “ही मुलगी हवेत उडतेय?”

“बास्केटबॉल. कॉलेजचं. नाचणाऱ्या मुली.”

“आणि लढत?”

“लढत... मी बघितली नाही.” त्याचा आवाज इतका बारीक झाला की बाईंनी पुन्हा बोलायला लावलं. “या फोटोनंतर मी निघून गेलो. तो पडला की नाही, कोण जिंकलं, मला काही माहीत नव्हतं. ती ओळ मी मनाने लिहिली. फोटो कापला, तिरका पण केला. तो पडत नव्हता. मी पाडला त्याला.”

डॉक्टर फॉक चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिल्या. “शपथा घेणारे खूप येतात माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “मी तिथे नव्हतो, असं स्वतःच्या तोंडाने सांगणारा पहिलाच. हे सगळं लिहून दे. तीन प्रती. एक वहीत, एक तुझ्या पेपराला, एक त्या बक्षीस देणाऱ्या शहाण्यांना. टपाल मी स्वतः टाकणार.”

त्याने तीनदा लिहिलं. बाईंनी क्लेटच्या वहीत शिक्का मारला, धाडकन, आणि पुढच्याला हाक मारली. सोमवारी राजधानीला जाण्याचा प्रश्नच उरला नाही. मोठ्या पेपराच्या माणसाने आठ दिवसांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं, तेही टाइप केलेलं, सहीसुद्धा चिटणिसाची. बक्षीस परत गेलं. गॅरेटने चूक छापली, शेवटच्या पानावर, जुन्या सायकलींच्या जाहिरातींखाली.

पण ते पुढचं. त्या दुपारी क्लेट रिंगणाकडे जाताना एल्डनजवळ थांबला.

“काय फोटोवाले, आज चारला काय आहे? पोरी नाचणार असतील ना?”

“आज मी इथेच आहे.”

“बघू,” क्लेट म्हणाला.

लढत काही डोळ्यांत भरेल अशी झाली नाही. समोरचा तेवीस वर्षांचा, पायाने चपळ. क्लेट त्याच्यामागे फिरून फिरून दमला. कुणी पडलं नाही, रक्त आलं नाही. तीन पंच तिकडे, दोन इकडे. क्लेट हरला. नऊ वर्षांची हौस नऊ मिनिटांतच आटोपली. रेनाटाने डोळे पुसले आणि कोट घातला. लोक उठून दाराकडे निघाले. क्लेट मात्र हेडगार्ड काखेत मारून समोरच्या कोपऱ्यात गेला, दोरावरून वाकला आणि तिकडच्या कोचचा हात दोन्ही हातांत धरला. त्या कोचने त्याचं कपाळ स्वतःच्या टॉवेलने पुसून दिलं. एल्डनने एकच फोटो काढला. सरळ. सगळ्यांचे पाय आले त्यात.

पुढच्या आठवड्यात तो फोटो घेऊन तो लाँड्रीत गेला. कुणी या म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. ऑर्विलने फोटो खिडकीशी नेऊन बघितला आणि भिंतीवर खिळा ठोकला. नेडीनने चष्मा लावला आणि फोटोखालच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

“इथे लिही बाळा. नाव, गाव, निकाल. पोराबाळांना कळायला हवं.”

एल्डनने पेन काढलं. त्याच्या गळ्यात त्या दिवशी एकच कॅमेरा होता. तारीख लिहिली, दोघांची नावं लिहिली, त्या टॉवेलवाल्या कोचचंही लिहिलं. ते त्याने फोन करून विचारून घेतलं होतं. मग पेन थांबलं. पिशवीवर ठोसे मारत असलेल्या क्लेटकडे वळून त्याने विचारलं, “तीन-दोन ना?”

क्लेटने पिशवी हाताने थांबवली. “तू होतास ना?” तो म्हणाला. “मग तूच सांग.”

“तीन-दोन,” एल्डन म्हणाला, आणि लिहिलं.